कोठीतली आई

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात येसाजी नावाचा तांबट आपल्या विधवा आईबरोबर राहत असे. आईचं नाव साळूबाई.

उतारवयात साळूबाईची नजर हळूहळू मंदावली आणि एका हिवाळ्यात पार गेली. गावकरी म्हणाले, "मागच्या जन्मीचं पाप, दुसरं काय!" शेजारणी घरी यायच्या, पण तिच्याशी बोलायच्या नाहीत. तिच्यासमोरच येसाजीला विचारायच्या, "जेवली का रे ती?" जणू डोळ्यांबरोबर तिचे कानही गेले होते.

येसाजी वाईट नव्हता. आई भाजेल म्हणून त्यानं तिच्या हातातली पळी काढून घेतली. पडेल म्हणून अंगणात जाऊ देईना. पण तिला काय वाटतं, हे विचारायचं मात्र त्याला कधी सुचलं नाही.

पुढे त्याचं लग्न ठरलं. मुलगी पलीकडच्या गावची, मंजुळा. आई आंधळी आहे हे येसाजीनं सोयऱ्यांना सांगितलंच नाही. लग्नाला निघताना तो आईला म्हणाला, "वऱ्हाड घरी येईल, तेव्हा तू कोठीत बस. तू माहेरी गेलीस असं मी सांगेन. पाहुणे गेले की बाहेर ये. लोकांची तोंडं कोण धरणार?"

"बसते की," साळूबाई म्हणाली.

नवरी घरी आली. अंगणात पंगत बसली. मंजुळाच्या वडिलांनी विचारलं, "विहीणबाई लग्नाला आल्या नाहीत, इथंही दिसत नाहीत?"

"माहेरी गेलीय. मामा आजारी आहे," येसाजीनं खाली बघत सांगितलं. गावकऱ्यांना खरं ठाऊक होतं. त्यांनीही पानावरून मान वर केली नाही.

तिकडे रिवाजाप्रमाणे मंजुळा कोठीतल्या धान्याला हळदकुंकू वाहायला गेली. येसाजीच्या ध्यानात येताच तो मागोमाग धावला, पण उशीर झाला होता. दार उघडं होतं. आतलं बोलणं ऐकून त्याचे पाय उंबऱ्यापाशीच थांबले.

कणग्यांच्या आडोशाला साळूबाई बसली होती. लेकाच्या लग्नाचं नवं लुगडं तिनं चाचपडत नेसलं होतं आणि ते उलटं नेसलं गेलं होतं.

"तुम्ही कोण?" मंजुळानं विचारलं.

साळूबाई दचकली. "मी येशाची आई. पण मी माहेरी गेलेय, पोरी. तू मला पाहिलंच नाहीस. त्याला बोलू नको हो, तो लोकांच्या हसण्याला भितो."

मंजुळा तिच्याजवळ खाली बसली. सासूची नजर कुठंच ठरत नाही हे पाहून तिनं विचारलं, "सासूबाई, सगळा अंधारच असतो का?"

"नाही गं. पांढरं धुकं असतं. दुधात बुडाल्यासारखं." साळूबाईनं चाचपडत तिचा हात धरला. "फार भ्याले होते मी. अजून भिते. पण हे आजवर कुणी विचारलंच नाही." आणि ती मंजुळाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

येसाजीच्या हातून दाराची कडी वाजली. साळूबाईनं घाईनं डोळे पुसले.

"येशा, पाहुणे गेले का रे? बाहेर येऊ का आता?"

येसाजीला आपलंच तोंड लपवावंसं वाटलं. तो अंगणात गेला आणि पंगतीसमोर हात जोडून म्हणाला, "माझी आई माहेरी नाही. तिला दिसत नाही, म्हणून मी तिला कोठीत बसवलं."

मंजुळाचे वडील पानावरून उठले. "फसवलंत तुम्ही आम्हाला. मंजुळा, चल घरी."

मंजुळा साळूबाईला हाताला धरून बाहेर घेऊन येत होती. "बाबा, लबाडी यांनी केली. सासूबाईंनी नाही. मी त्यांच्यापाशी राहीन." तिनं सगळ्यांदेखत वाकून सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. गावकऱ्यांपैकी एकालाही साळूबाईच्या चेहऱ्याकडे बघवेना.

साळूबाईनं येसाजीला कधी एका शब्दानंही दोष दिला नाही. मंजुळानं तिच्या हातात पुन्हा पळी दिली, शेजारणींना तिच्याशी बोलायला लावलं. तरी पुढे कितीतरी दिवस दारात परका आवाज आला, की साळूबाई मुकाट्यानं उठून कोठीकडे चालू लागे. दर वेळी येसाजी धावत जाऊन तिचा हात धरी, "आई, बस ना इथंच," म्हणे, आणि शरमेनं मान खाली घालून तिला परत आणून बसवी.

म्हणून लक्षात ठेवा: दृष्टी गेलेल्या माणसाला लपवू नये, त्याच्याजवळ बसून त्याच्या मनातलं विचारावं.