सुतारपक्ष्याचे चार ठोके

जंगलात माणसाची पाऊलवाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. कुणी नवा खेळ मांडला की सुतारपक्षी तो आधी खेळायचा आणि पोकळ खोडावर चोचीने दहापैकी गुण ठोकायचा. ठोके ऐकूनच जंगल ठरवायचं, जायचं की नाही.

एकदा साळिंदराने गुहेत काजव्यांच्या उजेडात सावल्यांचा खेळ मांडला. सावलीचं हरवलेलं पाडस घरी पोचवायचं; आपण चालू तशी गोष्ट पुढे सरकायची. सुतारपक्षी लगबगीने जाऊन आला. "हा कसला खेळ? नुसतं चालायचं, आणि तेही चटकन संपतं!" म्हणत त्याने चारच ठोके मारले. मग गुहेकडे कुणी फिरकलं नाही. लांबच्या तळ्यातल्या कासविणीला ठोके ऐकूच गेले नव्हते, ती तेवढी गेली.

पुढे तिची नि सुतारपक्ष्याची गाठ पडली. "पाडस आईला भेटलं तेव्हा रडूच आलं रे बाबा," ती म्हणाली.

"भेटलं? माझं तर वाटेतच नाहीसं झालं!"

"ते लंगडत होतं की! त्याच्यासाठी थांबला नाहीस?"

सुतारपक्ष्याची मान खाली गेली. शर्यत समजून तो एकटाच पुढे पळाला होता.

तो तसाच गुहेत शिरला. पण कुणी येईना म्हणून काजवे केव्हाच उडून गेले होते. त्या काळोखात तो कितीतरी वेळ मागे वळून पाहत राहिला.