लोहाराच्या नावाचा बिल्ला

फार फार मागची गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी, कारण असले उद्योग मोठेच करतात.

डोंगराळ मुलखात एक लोहार होता. तळ्यांच्या बांधांना बसवायची लोखंडी दारं तो घडवायचा. दार मजबूत, पण नाठाळ. आधी खालची झडप सैल करायची, पाण्याचा जोर उतरू द्यायचा, मगच वरचं चाक फिरवायचं. उलटं केलं की दार अडकलंच म्हणून समजा.

म्हणून लोहाराचा एक नियम होता. त्याच्या अंगणातल्या हौदात छातीभर पाण्यात उभं राहून जो स्वतःच्या हातांनी दार उघडेल, त्यालाच तांब्याचा बिल्ला. त्यावर लोहाराचं नाव कोरलेलं. अनोळखी माणसाच्या गळ्यात तो बिल्ला दिसला, की कुठलंही गाव निर्धास्तपणे आपला बांध त्याच्या हवाली करी.

लोहाराचा जावई मात्र हुशार. नको तितका हुशार.

"मामा, ही हौदाची कटकट बंद करा," तो म्हणाला. "चार प्रश्न विचारू. उत्तरं घोकून आला की द्यायचा बिल्ला. ज्याच्या गळ्यात आपला बिल्ला, तो गावाला दुसऱ्याचं दार घेऊ देईल होय?"

"आणि दार अडकलं तर?"

"पूर काय रोज येतो?"

इथे लोहाराने रागवायला हवं होतं. नाही रागावला. घोकून येणाऱ्यांना बिल्ले वाटले जाऊ लागले, दारांची मागणी वाढली, भट्टी विझेना, आणि हौद कोरडा पडला तरी त्याने तिकडे पाहिलं नाही.

पुढे एका पावसाळ्यात तो बहिणीच्या गावी गेला होता. पाऊस थांबेना, तळं काठोकाठ भरलं. लोहार बांधावर धावला. बघतो तर बिल्लेवाल्या गड्याने चाक आधीच फिरवलेलं, दार अडकलेलं.

"झडप सैल केली होतीस का?"

गडी घडाघडा म्हणू लागला, "पहिलं उत्तर, दार लोखंडाचं असतं. दुसरं उत्तर, झडप खाली असते. तिसरं उत्तर..."

"अरे, ती झडप दाखव मला!"

गड्याने खाली पाहिलं, वर पाहिलं. त्याला ती ओळखताच येईना. लोहाराचं डोकं असं भणाणलं, की याला तळ्यात ढकलून द्यावं. पण बिल्ल्यावर नाव कोणाचं होतं? मला विचाराल तर मला त्या गड्याचा राग येतो, जावयाचा येतो, आणि सगळ्यांत जास्त लोहाराचा येतो.

तो स्वतः पाण्यात उतरला, पण उशीर झाला होता. हाका मारून माणसं तेवढी टेकडीवर चढवली. बांध फुटला. उभी पिकं गेली, बहिणीचं घर गेलं.

टेकडीवर भिजत बसलेली बहीण म्हणाली, "दादा, तुझा बिल्ला बघूनच आम्ही त्याला ठेवला होता रे."

घरी येऊन लोहाराने जावयाला हाकललं. आता हाकलून काय उपयोग? हौदात कुडकुडत बिल्ला कमावलेली एक बाई कामासाठी दुसऱ्या गावी गेली, तर वेशीवरच लोकांनी तिला अडवलं. "बिल्लेवाले नकोत आम्हांला," ते म्हणाले. ती तशीच लोहाराकडे आली आणि बिल्ला त्याच्या पुढ्यात टाकला.

"मी हा कमावला होता," ती म्हणाली. "माझी मेहनत तुम्ही विकून खाल्लीत."

लोहाराला तिच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.

तात्पर्य: न शिकवता दिलेला एक बिल्ला, शिकून मिळवलेल्या साऱ्या बिल्ल्यांची पत घालवतो.