रेलिंगवरची माकडं

माकडांच्या मानानं ही फार जुनी गोष्ट. डोंगरकड्यावर लोखंडी रेलिंग बसलं आणि माणसं देखावा बघायला येऊ लागली. त्यांच्या हातात कणसं असत, वेफर्स असत. माकडांनी दरीतली उंबरं सोडली आणि रेलिंगवरच मुक्काम ठोकला. माणसं आपल्यालाच बघायला येतात, असं ती पिल्लांना सांगत.

एका वर्षी माणसं यायची थांबली. कणीसवाली हौसाबाई शेगडी पोत्यात भरत नवऱ्याला म्हणाली, "तळ्याकडं रस्ता झालाय, बोटी आल्यात. चला, आपणबी तिकडंच जाऊ." ती दोघं गेली. माकडं आठवडाभर रेलिंगवर उपाशी बसली.

शेवटी भुरी नावाच्या म्हाताऱ्या माकडिणीला उंबरांची आठवण झाली. तिच्यामागून सगळी टोळी दरीत उतरली. तिथं एकच झाड उरलं होतं. चार दिवसांत त्याच्या फांद्या मोकळ्या झाल्या.

"लहानपणी मी इथं पाच-सहा झाडं पाहिली होती," भुरी म्हणाली.

"म्हातारी होऊन पडली," झाड म्हणालं.

"मग नवी का नाही उगवली?"

"फळं खाऊन तुम्ही रानभर हिंडायचात. जिथं बसायचात, तिथं बी पडायचं. तुम्ही रेलिंगवर जाऊन बसलात. मला काही चालता येत नाही."

तेवढ्यात वर कड्यावर गाडीचा हॉर्न वाजला. बाकीची सगळी माकडं वर पळाली. भुरीनं हातातलं शेवटचं उंबर खाल्लं आणि ती समोरच्या उघड्या उतारावर जाऊन बसली.