डाव्या बाजूचा पाट

"…मग बुवा, बेस घ्यावी की टॉप?"

आप्पाबुवा ओसरीवर बसून पूजेसाठी फुलं निवडत होते.

दिनकरराव शिंत्रे जरा पुढे सरकून बसले. कोल्हापूरबाहेरच्या या मठात ते दर गुरुवारी यायचे, आणि बुवांचं बोलणं आपल्याइतकं नीट कुणालाच समजत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. आज गुरुवार नव्हता. तरी आले होते.

"म्हणजे असं बघा," ते म्हणाले. "बेस म्हणजे गाडीचं साधं मॉडेल, त्याला मागच्या काचा हातानं फिरवाव्या लागतात. मागं घेताना दिसायला कॅमेरा नाही. टॉपला सगळं आहे. छताला काचसुद्धा आहे, बटण दाबलं की उघडते. आता गाडी तीच, लांबी तीच, इंजिन तेच. पण आत बसल्यावर फरक कळतो."

"कळतो?"

"कळतो की."

शिंत्रे म्हणजे असा माणूस, की साधं पेन घ्यायचं झालं तरी अख्खी बाजारपेठ पालथी घालणार, आणि घरी येऊन म्हणणार, उद्या पुन्हा बघू. गाडीचं तर विचारूच नका.

"दुकानवाले काय म्हणतात?" बुवांनी विचारलं.

"बुक केलेली टॉप आलीय म्हणतात. रोज फोन येतो, घेऊन जा म्हणून. मीच थांबवलंय. म्हटलं, बदलून बेस घ्यायची असेल कदाचित."

"का?"

शिंत्रे उपरण्याच्या टोकाशी चाळा करत राहिले.

"कुमुदला बेस हवी होती."

कुमुद म्हणजे त्यांची बायको. ती माघात गेली. सकाळी गॅसवर चहा ठेवला, आणि चहाला उकळी यायच्या आत गेली. हे मठात सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचं माहेर आजऱ्याच्या पलीकडं, डोंगरात. तिथं तिची म्हातारी आई. कुमुदच्या गुडघ्यांना एसटीचे धक्के सोसेनात, तशी तिनं आईला फोनवर सांगून ठेवलं होतं, गाडी आली की येते.

शोरूममध्ये पांढरी बेस तयार उभी होती. कुमुद डाव्या बाजूचं दार उघडून आत जाऊन बसलीसुद्धा. म्हणाली, "अहो, हीच घेऊ या. रविवारी आईकडं जाऊ."

शिंत्रे हसले होते. "अगं, हिच्या मागच्या काचा हातानं फिरवायच्या."

"मग माझे हात काय मोडलेत?"

पण नाही. रोज रोज घेतो का आपण गाडी? घ्यायची तर चांगली घ्यायची. टॉपला थांबावं लागणार होतं, ते थांबले. मग म्हणाले, एवढं थांबलोच आहोत तर पाडव्याचा मुहूर्त साधू.

पाडवा आला तेव्हा घरात गुढीसुद्धा उभारली नाही.

"तिच्या आईला सांगितलंस?" बुवा म्हणाले.

"…नाही अजून."

"नाही?"

"मेव्हणा म्हणाला, आईचं काळीज नाजूक आहे, दाजी, तुम्हीच येऊन सांगा, तुमचं ऐकेल ती. त्यानं सगळ्या गल्लीला तंबी देऊन ठेवलीय." शिंत्र्यांचा आवाज खाली आला. "आई फोन करतात. कुमुद कुठाय म्हणतात. मी म्हणतो, देवळात गेलीय. कधी म्हणतो, झोपलीय…"

जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस. आता सकाळी उठून आजचं खोटं शोधायचा.

"मी जाणारच आहे," ते घाईनं म्हणाले. "गाडी घेऊनच जाणार. फक्त कुठली न्यावी एवढंच ठरायचंय. बेस नेली तर कुमुदच्या मनासारखं होईल. टॉप नेली तर आईंनाही दिसेल, की जावयानं लेकीला काही कमी केलं नव्हतं. म्हणून तर विचारायला आलो."

बुवा उठले. आत गेले. जेवणाचे दोन पाट घेऊन आले आणि गाडीतल्या पुढच्या दोन सीटांसारखे ओसरीवर शेजारी शेजारी मांडले.

"ही बेस," ते म्हणाले. "बस."

शिंत्र्यांना वाटलं, आता काहीतरी खोल येणार. ते उजवीकडच्या पाटावर मांडी घालून बसले. चालवणार तेच ना.

बुवा थोडा वेळ बघत राहिले.

"ऊठ. आता टॉपमध्ये बस."

शिंत्रे उठून उभे राहिले. बुवा पाट बदलतील म्हणून थांबले. बुवा हलले नाहीत.

"बुवा, तुम्ही काहीच बदललं नाही."

"काय बदलू?"

शिंत्रे खाली बघू लागले. उजवीकडचा पाट. डावीकडचा रिकामा पाट…

ते हळूच बसले. त्यांनी डावीकडच्या पाटावर हात ठेवला, आणि मग त्यांना आवरेना. पंचावन्न वर्षांचा माणूस लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. कुमुद गेली त्या दिवशीसुद्धा असा रडला नव्हता. त्या दिवशी सगळी व्यवस्था बघत होता.

"त्या रविवारी गेलो असतो तर… आईला भेटली असती हो ती. शेवटचं भेटली असती."

शिंत्र्यांनी उपरण्यानं तोंड झाकलं.

"कुठल्या तोंडानं जाऊ मी? गाडी दारात थांबली की म्हातारी पहिल्यांदा डावीकडं बघणार, बुवा. मी एकटा उतरलो की…"

बुवांनी त्यांना रडू दिलं. मठात दुसरं कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं शिंत्र्यांनी डोळे पुसले. नाक पुसलं. उपरणं सारखं केलं.

"तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "टॉपच घेऊन टाकतो. उद्या जाऊन सांगतो शोरूमवाल्यांना. कागदपत्रं, नंबर… सगळं झालं की पुढच्या आठवड्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या…"

बुवा ओसरी उतरले. पायरीखाली शिंत्र्यांच्या चपला होत्या. त्या त्यांनी वाकून उचलल्या, वर आणल्या आणि शिंत्र्यांच्या पायांशी ठेवल्या.

शिंत्रे गडबडून उठले. "बुवा, हे काय करताय? तुम्ही माझ्या चपला…"

"संध्याकाळची आजऱ्याची एसटी आहे," बुवा म्हणाले. "जागा नाही मिळाली तर उभ्यानं जा."