बिनचूक दगड

“कुठं उतरवू, बाबा?”

“कबर कुठली?”

“अम्माची.”

“ते कळलं. कुठली?”

दस्तगीर पाथरवटाने बैलांचा कासरा हातातच धरून कबरस्तानावर नजर फिरवली. तरवडाची झुडपं, भेगाळलेली काळी जमीन आणि उंचवटेच उंचवटे. काहींच्या उशाशी दगड होते, काहींच्या उशाशी काहीच नव्हतं.

छकड्यात कडब्याच्या गादीवर, घोंगडीत गुंडाळून, नव्या नवरीसारखा जपून आणलेला दगड होता. असा दगड तालुक्यात कुणी कोरला नव्हता. हे मत दस्तगीरचं. पण त्याने ते इतक्यांदा सांगितलं होतं, की आता ते तालुक्याचंही झालं होतं.

लतीफशाह फकीर भिंतीच्या सावलीत गोधडीला ठिगळ लावत बसले होते. दस्तगीर त्यांचा जुना मुरीद. ऐन तारुण्यात हातात हात देऊन शिष्य झालेला.

“घोंगडी काढ,” बाबा म्हणाले.

दस्तगीरने काढली. बाबा उठून आले. त्यांची बोटं वेलबुट्टीवरून फिरली, नावावरून फिरली, कडेवर थांबली.

“कुठंच खोट नाही.”

दस्तगीरचा ऊर भरून आला. हे वाक्य ऐकण्यासाठी त्याने एक तप घालवलं होतं.

मरताना म्हातारी एवढंच म्हणाली होती, “लोकांच्या आयांना कोरून देतोस, मलाही एक दे. नाहीतर मला ओळखायचं कुणी?”

तेव्हापासून तो कोरतच होता. एका दगडात वेलीचं पान जरासं कललं. दुसऱ्यात केसाएवढी चीर निघाली, तीही तिरप्या उन्हात पाहिली तरच दिसणारी. मग सगळे दगड चांगले निघू लागले आणि ते त्याला त्याहून संशयास्पद वाटू लागले. टाकलेले दगड शेजारीपाजारी मागून नेत आणि न्हाणीत पालथे घालत. अर्ध्या गल्लीची धुणी त्याच्या आईच्या नावावर आपटली जात होती.

“आधीचेही बरे होते म्हणतात,” बाबा म्हणाले.

“लोकांना बरे. माझ्या हातावर माझा भरवसा आहे, बाबा. यापेक्षा चांगलं होईल हे ठाऊक होतं, म्हणून थांबलो.”

“भरवसा असता तर पहिलाच बसला असता.”

दस्तगीर हसला. गुरूने टोचायचं असतं आणि शिष्याने हसायचं असतं.

“दुसऱ्यांचा दगड किती दिवसांत करतोस?”

“आठवड्यात.”

“चुका राहतात?”

“राहतात की. कुणाला दिसत नाहीत.”

“मग इथं कोण बघणार होतं?”

“मी,” दस्तगीर म्हणाला.

बाबांनी मान हलवली. “चल. दाखव कुठं बसवायचा ते.”

“कडुनिंबाच्या डाव्या अंगाला.”

“कडुनिंब वादळात पडला. खोडसुद्धा लोकांनी जाळून संपवलं.”

“कबर रहमूने खोदली होती. तो सांगेल.”

“तोही इथंच आहे. विचारून बघ.”

दस्तगीरचं हसू आता ओठांवरच थिजलं. “तुम्हाला तर ठाऊक असेल, बाबा.”

“मी फकीर आहे, तलाठी नाही. ज्याचं माणूस त्याने यावं, बसावं. मग आम्हालाही कळतं, ही अमक्याची.”

“दरवर्षी येत होतो की. एकही शबे-बारात चुकवली नाही.”

“फाटकापर्यंत.”

“दगड झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असं ठरवलं होतं. पाथरवट असून रिकाम्या हाताने आईपुढं कसं यायचं?”

“बारा वर्षं फाटकातून फातिहा पढलास. कुठल्या उंचवट्याकडे तोंड करून?”

दस्तगीरने हात उचलला. तो हवेत थोडा डावीकडे गेला, थोडा उजवीकडे गेला आणि खाली आला.

“मातीच्या दिवशी उशाला काही ठेवलं असेल,” बाबा म्हणाले. “धोंडा तरी.”

“ठेवला होता. मामूने नाल्यातून उचलून आणलेला. वेडावाकडा.”

“मग सापडेल. वेडावाकडा धोंडा कोण चोरतो?”

दस्तगीर छकड्याच्या चाकाकडे बघत राहिला.

“तो मी उपटला.”

“कधी?”

“तिसऱ्याच दिवशी. लोक जियारतीला कबरीवर येणार होते. पाथरवटाच्या आईच्या उशाला असला धोंडा… म्हटलं, पंधरा दिवसांत माझा घेऊनच येतो.”

बैलांनी जवळच्या कबरीवरच्या गवताला तोंड लावलं. त्यांना कुणी हाकललं नाही.

दस्तगीर आत शिरला. एकेका उंचवट्याशी वाकून बघू लागला, जणू माती वळून त्याच्याकडे बघेल. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिने निम्मे उंचवटे गिळले होते आणि उरलेल्यांना एकच चेहरा दिला होता. एका जागी तो गुडघ्यांवर बसला, पुन्हा उठला. दुसऱ्या जागी बसला. तिथूनही उठला.

आणि मग त्याला ती कबर दिसली.

शबे-बारात चार दिवसांवर आली होती, म्हणून तिला ताजा चुना लावला होता. तोही ओघळलेला. वर मोगऱ्याची माळ सुकली होती. उशाला नाल्यातला एक धोंडा, एका अंगाला कललेला.

तो लगबगीने तिच्यापाशी गेला.

“बाबा, ही बघा. जागा हीच. मामूनेच आणून ठेवला असेल परत… हीच आहे ना?”

बाबा काठी टेकत सावकाश आले.

“ही मेहरूनबी. पिंजाऱ्याची आई. तुझ्या अम्माच्या मागोमागच आली होती.”

“नक्की?”

“दर जुम्मेरातीला मुलगा येतो. धोंडा कलला की सरळ करतो. पुन्हा कलतो.”

दस्तगीरने खाली बसून धोंड्यावर हात फिरवला. छिन्नीचा एकही ओरखडा हाताला लागला नाही. तो चिडलाच.

“यावर नाव नाही, निशाणी नाही. मग हिची कबर सापडते कशी आणि माझ्या अम्माची का नाही?”

बाबांनी काठीच्या टोकाने धोंडा हलकेच सरळ केला.

“हिच्या मुलाला कोरता येत नाही.”