पादचारी म्हणजे कोण

एकदा एका परीक्षेत एक शहाणी बाई दोनदा नापास झाली. परीक्षा काही फार मोठी नव्हती. दुचाकीचे शिकाऊ लायसन्स मिळण्याआधी जी लेखी परीक्षा द्यावी लागते, ती. संगणकापुढे बसायचे, पंधरा प्रश्न सोडवायचे, त्यांतले नऊ बरोबर आले की पार. शालनला दोन्ही वेळा आठच आले. वाडीतल्या निम्म्या पोरांना जिने पाढे शिकवले, तिला नववे उत्तर सापडू नये याचे वाडीला नवल वाटले. आणि वाडीला नवल वाटले म्हणजे ती ते पोटात ठेवत नाही.

शालनला मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नव्हती. तिची मुलगी ऋतुजा दहा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. तिच्यासारख्या मुलांची शाळा अकरा किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी होती, आणि माणशी भाडे घेणाऱ्या ज्या वडाप जीपमधून ती जात असे ती जीप मालकाने विकून टाकली होती. नवरा लांब परमुलखात कामाला. भावाने आपली जुनी स्कूटी आणून अंगणात लावली होती, ती कोंबड्यांच्या उपयोगी पडत होती. शाळेने समजुतीच्या शब्दांत सांगितले होते की जाण्या-येण्याची सोय होत नसेल तर जूनपासून मुलीला वसतिगृहात ठेवा. वसतिगृह वाईट नव्हते. पण ऋतुजा अजून आईच्या गळ्यावर हात ठेवून झोपत असे, कारण आईचे बोलणे तिला तिथेच कळे. शिकाऊ लायसन्स, मग महिनाभर सराव, मग पक्के लायसन्स, असा क्रम. मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारची परीक्षा हुकली की जून हातचा जाणार होता.

वाडीत केरबानाना नावाचे वृद्ध गृहस्थ राहत. एका साखर कारखान्याची बस त्यांनी बत्तीस वर्षे चालवली होती, आणि एकही अपघात केला नाही म्हणून मिळालेली पितळी पाटी त्यांच्या ओसरीवर टांगलेली असे. परीक्षेला तीन दिवस उरले असताना शालन प्रश्नांची पुस्तिका घेऊन त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली की नाना, माझे नेमके कुठे चुकते ते तुम्ही बघा.

नानांनी पुस्तिका हातात घेऊन प्रश्न विचारायला सुरुवात केली. वळणावर काय करशील? शालन म्हणाली, हॉर्न वाजवीन. रस्त्यात गुरे आडवी आली तर? हॉर्न वाजवीन. पुढे शाळा आहे अशी पाटी दिसली तर? हॉर्न. दवाखान्यासमोर? शालनने जरा विचार केला आणि सांगितले की दवाखान्यासमोर हळू वाजवीन. नानांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. शेवटी त्यांनी विचारले, रस्ता ओलांडण्यासाठी पादचारी थांबले असतील तर काय करशील? शालन म्हणाली की हॉर्न वाजवून पुढे जाईन, ते बाजूला होतीलच.

नानांनी विचारले, पादचारी म्हणजे कोण?

शालन गोंधळली. हा शब्द तिने पुस्तिकेबाहेर कुठे ऐकलेला नव्हता. ब्रह्मचारी असतो तसाच पादचारी, एवढी तिने मनाशी संगती लावली होती. नर्मदा परिक्रमा वगैरे करणारा कुणी साधुपुरुष असावा, आणि आपल्या रस्त्याला तसे येतात तरी किती, म्हणून त्या प्रश्नावर तिने फार डोके घातले नव्हते. तिला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. सरकारी पुस्तिकेतली मराठी ज्यांच्यासाठी लिहिलेली असते त्यांना ती कळावी, असा काही नियम अद्याप कुणी केलेला नाही.

नानांनी पुस्तिका मिटली, आत नेऊन फडताळात ठेवली आणि उद्या सकाळी ये म्हणून सांगितले. शालन रात्रभर धुमसत राहिली. परीक्षा तोंडावर आणि म्हाताऱ्याने पुस्तकच काढून घेतले, याला काय म्हणावे, ते तिला कळेना.

सकाळी ती गेली तेव्हा नाना काठी घेऊन तयार होते. त्यांनी तिच्या हातावर कापसाचे दोन बोळे ठेवले आणि ते कानात घट्ट घालायला सांगितले. मग म्हणाले की डांबरी रस्त्याच्या कडेने फाट्यापर्यंत चालत जा आणि परत ये. मागे वळून बघायचे नाही, मी तुझ्या मागे आणि बाहेरच्या अंगाला चालतो. शालनला वाटले की वयाने नानांचे काहीतरी बिघडले. पण वडीलधाऱ्या माणसाला उलट उत्तर देण्याची तिला सवय नव्हती. तिने कापूस घातला आणि ती चालू लागली.

त्या रस्त्याने ती हजार वेळा चालली असेल. तरी पहिल्याच शंभर पावलांत पाठीला कान फुटावेत असे तिला झाले. काहीच ऐकू येत नव्हते. एकाएकी वाऱ्याचा लोट अंगावर येई, पदर उडे, आणि तोवर ट्रक पुढे निघून गेलेला असे. काय येते आहे, किती जवळ आहे, कशाचा पत्ता लागत नव्हता. तिची मान आपोआप मागे वळायची आणि शालन ती आवरायची. फाट्याच्या अलीकडे एक मोटरसायकल तिच्या कोपराला घासून गेली. पुढे जाऊन त्या माणसाने गाडीचा वेग कमी केला, तो मागे वळला आणि तोंड वेंगाडून काहीतरी ओरडला.

शालनला शब्द ऐकू आला नाही. पण मुलीसाठी ती ओठ वाचायला शिकलेली बाई होती. तो म्हणत होता, "बहिरी झालीस काय गं?"

ती तिथल्याच, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसली आणि रडू लागली. आईच ती; दहा वर्षे तिने मुलीचा हात धरून हाच रस्ता ओलांडला होता. पण मुलीच्या पाठीला काय कळते आणि काय कळत नाही, हे तिला आज पहिल्यांदा कळले. नानांनी तिला पोटभर रडू दिले. मग तिने कानातले बोळे काढले तेव्हा ते शेजारी बसले.

"पोरी, पुस्तकातला पादचारी कुनी साधू न्हाय," नाना म्हणाले. "पायानं चालनारा, एवढंच. आत्ता तू हुतीस. आपली ऋतुजा रोज असती. हॉर्न वाजवला की चालवनाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं, आता बाजूला हुयाचं काम त्येचं. पर त्येला ऐकू आलं का न्हाय, ह्ये आपल्याला कुठं ठावं असतंय? माझ्या ओसरीवरची पाटी बघतीस न्हवं? एकदा एक म्हातारा रस्त्याच्या मधून चालला हुता. मी हॉर्नवर हॉर्न दिला. त्यो काय वळंना. शेवटी बिरेक मारला, गाडी त्येच्या धोतराला लागून थांबली. त्येला कळलं बी न्हाय गं, तसाच गेला चालत. ती पाटी नशिबाची हाय, माझी न्हाय. ह्ये आजपातूर कुनाला सांगितलं न्हवतं."

शालनने पदराने तोंड पुसले आणि पुस्तिका परत मागितली.

राहिलेल्या दोन दिवसांत तिने एकही उत्तर पाठ केले नाही. प्रत्येक प्रश्नाशी थांबून ती एवढेच विचारी की इथे समोर कोण आहे, आणि त्याला माझी चाहूल नसेल तर? त्यातून बहुतेक उत्तरे आपसूक निघत. गुरुवारी संगणकावर पादचाऱ्यांचा प्रश्न आला आणि तिने गाडी थांबवली. पंधरांपैकी तेरा बरोबर आले. दोन चुकले ते कागदपत्रांविषयीचे होते, आणि नाना म्हणाले की कागदावर कुणी गाडी घालत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पक्के लायसन्स हाती आले आणि शाळेच्या पहिल्या दिवशी शालन ऋतुजाला मागे बसवून निघाली. फाट्याजवळ एक माणूस डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन तिच्याकडे पाठ करून रस्ता तिरका ओलांडत होता. नकळत तिचा अंगठा हॉर्नकडे गेला. मग तिने तो मागे घेतला, ब्रेक दाबला, दोन्ही पाय खाली टेकले आणि तो माणूस पलीकडे पोचेपर्यंत ती थांबली. त्याने मागे पाहिले नाही. कुणी आपल्यासाठी थांबले होते, हे त्याला कधीच कळणार नव्हते.

ऋतुजाने मागून आईचा खांदा हलवला आणि हात पुढे करून खुणेने विचारले, का थांबलीस? शालनने डाव्या हाताचा तळवा पसरला आणि त्यावरून उजव्या हाताची दोन बोटे माणसासारखी सावकाश चालवली. ऋतुजाने ते पाहिले. मग तिने आपली दोन बोटे आईच्या त्याच तळव्यावर ठेवली आणि आईच्या बोटांच्या मागोमाग चालवली.

माझ्या लायसन्सला यंदा एकतीस वर्षे होतील. ते मला एका एजंटाने घरी आणून दिले होते. ही परीक्षा मी अजून दिलेली नाही.