चांगुणाबाईची उंची

निवृत्ती गवळी घरच्या चारही पिढ्या घेऊन थीम पार्कला आला खरा. पण सगळ्यांची तिकिटं काढता काढता आईच्या तिकिटाला पैसेच उरले नाहीत. आता काय, म्हातारीला फाटकाबाहेर बसवायचं? 

तेवढ्यात त्याची आई चांगुणाबाई काठी टेकत भिंतीवरच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली. त्या रेघेहून बुटका असेल त्याला प्रवेश फुकट होता. कमरेत वाकलेली म्हातारी चांगली चार बोटं खाली राहिली.

फाटकावरचा मॅनेजर खेकसला, "ओ आजी, ते लहान पोरांसाठी आहे! आधी ताठ उभ्या राहा, मग मोजू."

"ताठ कुठनं राहू, लेकरा? ही सगळी पोरं-नातवंडं कडेवर वाढवली, त्यात माझी उंची ह्यांच्यात गेली. बघ की, कशी ताडमाड झालीत! त्यांचे पुरे पैसे घेतलेस ना? मग एकाच उंचीचे दोनदा घेतोस व्हय?"

मॅनेजरने मान वर करून सहा फुटी निवृत्तीकडे पाहिलं, मग खाली म्हातारीकडे पाहिलं आणि फाटक उघडलं.

आईला आत न्यायला निवृत्तीने हात पुढे केला, तर वाकल्याशिवाय तिचा हात काही हाती येईना.